लोखंडाला शेंदूर

३० सप्टेंबर, मंगळवार

बसले! दोन्ही पंखे बसले!

रेडिएटरच्या मागे शेजारी शेजारी, काळेकुळकुळीत. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा जुना लोखंडी पंखा काढून कोपऱ्यात ठेवलाय. आता बाईसाहेब विजेच्या पंख्यांवर थंड होणार! माझ्या हाताला ग्रीस, नखात ग्रीस, आणि कानामागेही असावं, कारण जेवताना माई सारख्या तिकडेच बघत होत्या. सासूबाई शहाऐंशीच्या झाल्या तरी नजर घारीची. 

बाईसाहेब म्हणजे आमची जीप. श्रीकांतनी सरकारी लिलावातून हौसेने आणलेली. ते गेले, जीप राहिली, आणि टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर मी हट्टाने चालवायला शिकले. सगळं मजेत चाललं होतं — पण श्रावणात, देवाची पालखी निघते त्या सवारीच्या गर्दीत, राम घाटाच्या वळणावर बाईसाहेब उकळल्या. ही वाफ! आणि नेमका तेव्हाच पुण्याहून निहारिकाचा व्हिडिओ कॉल. लेकीने सगळा तमाशा बघितला. तेव्हापासून एकच धोशा — ‘आई, जीप विक, घर बंद कर, तू आणि माई पुण्याला या.’

मी नाही जाणार! उज्जैन सोडून पुण्यात करू काय? बाल्कनीत बसून लोकांच्या गाड्या बघू? खूप भांडलो. शेवटी पैज लागली. वसुबारसेला ती विमानाने इंदूरला उतरणार. ‘विमानतळापासून घरापर्यंत जीपमधून न थांबता आणलंस तर हा विषय परत काढणार नाही. बंद पडली तर दिवाळीनंतर सामान बांधायचं.’ मी म्हटलं, मंजूर! तोंडातून गेलं. आता निस्तरा.

म्हणून पंखे. आणि म्हणून पागनीस.

सुहास पागनीस. नानाखेड्याला राहतात. रेल्वेत डब्यांमधल्या दिवे-पंख्यांचं काम करून रिटायर झाले. लग्नच केलं नाही. महाराष्ट्र समाजाच्या गणपतीत माइक बंद पडला, हे पुढे आले, दोन तारा हलवल्या आणि आरती सुरू. मी जीपच्या पंख्यांचं विचारलं तर म्हणाले, ‘अहो कुसुमताई, पंखे ही तर आपली जिंदगी आहे!’

ताई म्हणतात. असो.

सगळ्या तारांचं अर्थिंग एकाच जागी घ्यायचं ठरलं — बॅटरीचं, पंख्यांचं, डॅशबोर्डवरच्या व्होल्टच्या काट्याचं. वीज परत जायची वाट एकच, म्हणजे भानगड नको. जुना बोल्ट गंजला होता. त्यांनी बॉडीवर नवी जागा दाखवली, मी पॉलिश पेपरने रंग उतरवला. घासलं, घासलं — आत पत्रा असा लखलखीत निघाला की तोंड दिसावं! नट त्यांनी पंखवाला आणलाय, हातानेच फिरवता येणारा. ‘म्हणजे तुम्हाला पाना शोधत बसायला नको.’ किती तो विचार! तारा जोडायच्या आधीच उजेड गेला. उद्या येतो म्हणाले.

उद्या परत येणार!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळपासून माईंची गडबड. विळी, हातोडी, कात्री, शिलाई मशीन — सगळं पाटावर. आमच्या सासरची जुनी रीत, माणसाला कुंकू आणि लोखंडाला शेंदूर. पूर्वी घरात तलवारी होत्या म्हणे. आता जीप आहे. माई तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी घेऊन, काठी टेकत अंगणात गेल्या, बॉनेट उघडं होतं, तिथे त्यांची साग्रसंगीत पूजा चालली. मी आत पुरण वाटत होते. पागनीस कधी आले, तारा कधी कसल्या, मला पत्ताच नाही. बाहेर आले तेव्हा नट आवळून झालेला आणि हे रुमालाने हात पुसतायत.

इंजिन तापलं. पंखे आपोआप सुरू झाले. घूंऽऽऽ! मी टाळ्या वाजवल्या. हो, अंगणात उभी राहून टाळ्या! पागनीस हसले. त्यांना एका गालाला खळी पडते. आजवर कशी दिसली नाही?

पुरणपोळ्या त्यांनी भरपूर खाल्ल्या.

२ ऑक्टोबर, दसरा

नाचतो! काटा नाचतो!

माईंना घेऊन सोनं द्यायला निघाले. गर्दीत अडकले, इंजिन तापलं, पंखे लागले — आणि व्होल्टचा काटा चौदावरून धाडकन साडेअकरावर. दिवे मिणमिणले. हॉर्न दाबला तर बोकड ओरडला! पंखे बंद झाले तर काटा उडी मारून पंधराच्या पार. परत पंखे, परत खाली. वर-खाली, वर-खाली. मागच्या सीटवरून माई म्हणाल्या, ‘हिच्या अंगात आलंय का?’

घरी आल्याबरोबर फोन केला. ‘पागनीससाहेब, काटा नाचतो!’

 मग म्हणाले, ‘अच्छा? मग तर यावं लागेल.’

काळजी वाटायला हवी होती. जीप अशी राहिली तर पुण्याचं तिकीट पक्कं! पण यावं लागेल म्हणाले, आणि मी आरशात बघून आले. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय!

४ ऑक्टोबर

आज पट्टा. पागनीस म्हणाले, डायनमोचा पट्टा सैल असेल, घसरत असेल. तो ताणला. मी बॅटरी धरली — म्हणजे टॉर्चची. दोन डोकी एका बॉनेटखाली. ते म्हणाले, ‘जरा इकडे.’ मी इकडे. ते म्हणाले, ‘जरा तिकडे.’ मी तिकडे. त्यांच्या अंगाला निरमाचा वास येतो. सदरा स्वतःच धुतात वाटतं.

पट्टा ताणला. काटा नाचतोच.

‘कोई बात नहीं,’ पागनीस म्हणाले. ‘परवा बघू.’ मग पोहे-जलेबी खाल्ली. मी जलेबी तळलेली नव्हती हो, कोपऱ्यावरून आणली, पण त्यांनी तारीफ केली तेव्हा गप्प बसले.

५ ऑक्टोबर

आज आले नाहीत. किती लांब दिवस होता!

६ ऑक्टोबर, कोजागिरी

मसाला दुधाला बोलावलं. माई, मी, पागनीस, गच्चीत चटई टाकून. त्यांनी रेल्वेतल्या गमती सांगितल्या. एका डब्यातले सगळे पंखे उलटे फिरायचे, आणि लोक म्हणायचे, यात जास्त हवा येते! मी इतकी हसले की दूध नाकात गेलं.

आणि तेवढ्यात माईंनी बॉम्ब टाकला.

‘पागनीस, तुम्हाला बहीण नाही ना?’

‘नाही, माई.’

‘मग भाऊबीजेला कुठे जाता दरवर्षी? इकडेच या यंदा. आमची कुसुम ओवाळेल तुम्हाला.’

माझ्या हातातला पेलाच थांबला. पागनीस चंद्राकडे बघत म्हणाले, ‘बघू.’

बघू!! काय बघू? भाऊबीज झाली की संपलंच की सगळं. जन्मभर राखी बांधायची आणि करंज्या द्यायच्या. माईंना काय सुचलं हे! प्रेमाने बोलल्या, बिचाऱ्यांना काय माहीत. पण मला मात्र रडावंसं वाटलं. आणि का रडावंसं वाटलं ते कळल्यावर हसावंसं. हे कागदा, तुला एकट्याला सांगते — मला हा माणूस आवडतो. फार आवडतो. झालं लिहून. आता माझं काय करायचं ते कर.

८ ऑक्टोबर

आज रिले बदलली. पंख्यांना वीज देणारी ती छोटी डबी. जुनी टकटक करायची, नवी करत नाही. काटा तरी नाचतोच. मग पंख्यांची तार जाड टाकली. तरी नाचतो. मग डायनमोच उतरवून तपासून आणला. दुकानदार माळवी ढंगात म्हणाला, ‘भिया, डायनमो तो एकदम टनाटन है.’ परत बसवला. नाचतो!

एक गोष्ट मला खटकली. पागनीसांनी मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावला, तेव्हा मी डोकावून बघितलं — चौदा, अगदी ठाम! पंखे लागले तरी ठाम. मी म्हटलं, ‘अहो, बॅटरीवर ठाम आहे, मग डॅशबोर्डवर का नाचतो?’

पागनीसांनी मीटर बंद केला आणि म्हणाले, ‘चहा मिळेल का?’

चहा दिला. पण प्रश्न डोक्यात राहिला. एवढी वर्षं विजेत काढलेला माणूस, त्याला हे खटकू नये?

निहारिकाचा फोन. ‘आई, तिकीट काढलंय हं. जीप कशी आहे?’ मी म्हटलं, एकदम टनाटन. खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो, ते तिला लहानपणापासून माहीत आहे. ‘पुण्यात माईंसाठी खोली बघून ठेवलीये,’ म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. मायेने म्हणाली. त्याचं काय करायचं?

११ ऑक्टोबर, शनिवार

सापडलं! मला सापडलं! माझं मला!!

पागनीस मित्राकडे रतलामला गेलेत. मी एकटीच बॉनेट उघडून उभी. आमच्या टेलिफोन खात्यात लाइनवाल्यांचा पहिला धडा असायचा — लाइन खरखरली की आधी अर्थिंग बघ. इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य, आणि आज आठवलं! मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्याला लावलं, दुसरं जीपच्या बॉडीला. पंखे सुरू केले. काहीच दिसायला नको होतं, वाट मोकळी असेल तर शून्यच. तर जवळजवळ दोन व्होल्ट! म्हणजे वीज परत जाताना वाटेत कुठेतरी अडते.

इंजिन बंद केलं. तो पंखवाला नट फिरवला. तार उचलली.

आणि खाली बघते तर — शेंदूर!

चांगला जाड थर. तेलात कालवलेला, वाळून रंगासारखा घट्ट बसलेला. मी जिवाच्या आकांताने घासून लखलखीत केलेली जागा, आणि माईंनी नवमीला नेमकी तिचीच पूजा केली! वर तार, वर नट. पळत आत गेले. ‘माई, तिथे शेंदूर का लावलात?’ तर म्हणतात, ‘अगं, एवढं लख्ख करून ठेवलं होतंस, मला वाटलं पूजेसाठीच! काय, चुकलं का काही?’

काय चुकलं! मी त्यांच्या गळ्यातच पडले. जगात कुठल्या मेकॅनिकच्या पुस्तकात हा बिघाड लिहिलेला असेल? माई ‘अगं सोड, ग्रीस लागेल’ म्हणत राहिल्या.

घासलं. पुसलं. कसलं. गाडी सुरू. पंखे लागले — काटा चौदावर. हलेना! दिवे लखलखीत. हॉर्न वाजवला तर शेजारच्या कल्पनावहिनी गॅलरीत आल्या. मी त्यांना हात केला. पुणे गेलं खड्ड्यात! जिंकले मी! पागनीसांना फोन करायला मोबाइल उचलला.

आणि खाली ठेवला.

जीप नीट झाली तर ते कशाला येतील?

१२ ऑक्टोबर, रविवार

लिहू की नको? लिहिते. देवघरातून शेंदराची वाटी घेतली. तेलात कालवला. आणि परत लावला.

हो! मी! एकसष्ट वर्षांची बाई, लेकीची आई, भर दुपारी इकडेतिकडे बघत अर्थिंगला शेंदूर फासते आहे! वरून तार, वरून नट, आणि हात जोडले. सवयीने जुळले, काय करू. माफ कर रे बाबा, तुझ्या शेंदराचा असा उपयोग केला.

ठरवलंय सगळं नीट. वसुबारसेच्या सकाळी लवकर उठून साफ करायचं आणि मग इंदूर. तोवर थोडे दिवस. एवढंच मागते.

संध्याकाळी पागनीस आले. गाडी सुरू केली. काटा नाचला. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं सांगू? हायसं! मी तर म्हणेन हायसंच. की मलाच तसं दिसलं? चोराच्या मनात चांदणं.

१३ ऑक्टोबर

आज त्यांनी हॉर्नची तार तपासली. हॉर्नची! ज्याचा काही संबंध नाही तिची! मी मन लावून टॉर्च धरली.

१५ ऑक्टोबर

चकल्या झाल्या. पागनीसांनी सोऱ्या फिरवून दिला, म्हणाले डायनमोपेक्षा सोपं आहे. माझ्या चकलीला काटे छान येतात, त्यांच्या हातून तर अजूनच आले.

जाताना फाटकाशी थांबले. ‘परवा तुमची परीक्षा. उद्या संध्याकाळी येतो, शेवटचं बघून टाकतो. जीप नीट झाली की मग काय... तुमची सुट्टी.’

‘आणि तुमची?’ मी विचारलं.

‘आपली तर कधीचीच सुट्टी आहे, कुसुमताई.’

त्यांची स्कूटर वळेपर्यंत बघत राहिले. आत आले तर माई देवघरात वाटी हातात घेऊन बसलेल्या. ‘शेंदूर कोण संपवतंय गं? उंदीर खातात की काय?’ मी म्हटलं, हो, उंदीर फार झालेत. माई म्हणाल्या, ‘हं.’

१७ ऑक्टोबर, वसुबारस

कुठून सुरू करू!

सकाळी उठून बॉनेट उघडलं. पॉलिश पेपर तयार, फडकं तयार. नट फिरवला, तार उचलली — आणि शेंदूर नाही! खाली नुसता पत्रा. आणि कसला, तर देवघरातल्या ताम्हनासारखा घासलेला! माझ्यापेक्षाही लख्ख!

मी तिथेच जीपच्या पायरीवर बसले. म्हणजे पागनीसांना कळलं होतं! काल संध्याकाळी आले होते तेव्हा मी फराळाचे डबे भरत होते, ते एकटेच जीपपाशी होते. गुपचूप साफ केलं, एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे आधीपासून माहीत होतं? कधीपासून? का बोलले नाहीत? तोंड लाल झालं माझं. एकटीला लाजून बसायला वेळ नव्हता, विमान उतरणार होतं.

इंदूर. निहारिका बाहेर आली, गळ्यात पडली, जीपकडे बघून म्हणाली, ‘आई, अजून वेळ आहे, टॅक्सी करू.’ मी म्हटलं, बस!

पूर्ण रस्ता तिची नजर काट्यावर. रस्त्याचं काम, डंपर, धूळ, ऊन! टोलच्या रांगेत अडकलो. पंखे लागले, घूंऽऽऽ! मी देवाचं नाव घेतलं. काटा चौदावर. शहरात शिरताना दिवाळीच्या बाजाराची गर्दी — गाय मध्ये उभी, तिची पूजा चाललेली, वीतभर पुढे सरकता येईना. वसुबारसेला गायीला हॉर्न कसा वाजवायचा? बसलो. इंजिन तापलेलं, पंखे चालू. निहारिका काट्याकडे, मी गायीकडे. काटा हलला नाही. गाय हलली.

फाटकात गाडी उभी केली. निहारिका उतरली, बॉनेटवर हात ठेवला, म्हणाली, ‘मानलं, आई. पुण्याचा विषय बंद.’

मी रडले. खरंच हमसून रडले. घर राहिलं माझं! माई दारात उभ्या होत्या, पदराने डोळे पुसत. आणि पागनीस फाटकाबाहेर, आत यावं की नाही या विचारात. मी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनी थँक्यू म्हटलं. ते गोंधळल्यासारखे हसले.

रात्रीच्या आमटीला चिंच नव्हती. बरणी रिकामी! परवाच भरली होती. सपक लागली आमटी, पण निहारिकाने दोनदा घेतली.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

निहारिका लाडू वळता वळता — ‘आई, हे पागनीसकाका रोज येतात?’

‘जीपसाठी येत होते.’

‘जीप तर नीट झाली. आजही आले होते.’

‘कंदील लावायला.’

‘हं,’ म्हणाली. अगदी माईंसारखं. मग म्हणाली, ‘भाऊबीजेला येणार आहेत ना? माई सांगत होत्या.’

लाडू फुटला हातातला.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटेचं अभ्यंग झालं, फराळाला पागनीस आले. उटण्याचा वास, पांढराशुभ्र सदरा. जीपपाशी एकटे सापडले तेव्हा मी मनाशी म्हटलं, आज ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.

‘पागनीस, बोल्ट तुम्ही साफ केलात ना?’

पांढरे पडले. ‘कुठला बोल्ट?’

‘शेंदराचा!’

मग बसलेच जीपच्या पायरीवर. सांगून टाकलं सगळं. नवमीला तार जोडताना त्यांना शेंदूर दिसला होता. ‘माईंनी पूजा केलेली. पुसायला हात धजेना, कुसुमताई. रेल्वेत असताना साहेबाचा हुकूम मोडलाय मी, पण देवाचा शेंदूर...? वाटलं, नट कसला की दाबाने फाटेल थर. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला, काटा नाचतो, तेव्हाच समजलो.’

‘आणि बोलला नाहीत? पट्टा, रिले, डायनमो? हॉर्न?!’

‘बोललो असतो तर पोहे बंद झाले असते.’

मग मान खाली घालून म्हणाले, ‘पोहे नाही. तुम्ही दिसणं बंद झालं असतं.’

हे कागदा! मी काय केलं असेन? हसायला लागले! हसता हसता सांगितलं, की मला अकरा तारखेलाच सापडलं होतं, आणि मीच परत शेंदूर फासला. ते उठून उभे राहिले. बघतच राहिले. मग दोघं असे हसलो, असे हसलो, की निहारिका बाहेर आली आणि विचारलं, काय झालं? आम्ही म्हटलं, काही नाही, अर्थिंग.

ती आत गेल्यावर पागनीस म्हणाले, ‘पण साफ मी नाही केला. वसुबारसेच्या आधी करणारच होतो. गुरुवारी संध्याकाळी नट उघडला तर आधीच लख्ख. वाटलं, तुम्हीच केलात.’

‘मी नाही!’

‘मग कोणी?’

कळेना. कळून घ्यायची शुद्धही नव्हती मला. जाताना त्यांचं हसू मावळलं. ‘माईंनी भाऊबीजेला बोलावलंय. मी नाही येऊ शकणार. तेवढं एक माझ्याने होणार नाही. माईंना काय सांगायचं ते तुम्ही सांगा.’

मी काय सांगू? त्यांच्या लेकाचं घर हे, त्यांच्या लेकाची जीप. त्यांचा एकुलता एक मुलगा गेला, आणि सून म्हणून मी त्यांच्यापाशी राहिले. कुठल्या तोंडाने सांगू, की माई, मला भाऊ नकोय? लेकीसमोर पैज जिंकले, सासूसमोर जीभ उचलत नाही. माई दुखावल्या तर मला काहीच नको.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

धीर झाला नाही. माई दोनदा म्हणाल्या, ‘काही बोलायचंय का तुला?’ मी म्हटलं, नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा

स्वयंपाकघरात होते. माईंची हाक — ‘कुसुम, ताट घेऊन बाहेर ये!’ बघते तर पाट मांडलेला, भोवती वाकडीतिकडी रांगोळी, आणि पाटावर सुहास. घाबरलेले. ‘माईंचा फोन आला, भाऊबीज रद्द, आजच या म्हणाल्या.’ निहारिका तोंडावर हात ठेवून उभी.

हातातलं ताट मी पाटाशी ठेवून दिलं. माईंनी स्वतः निरांजन लावून ताट माझ्या हातात दिलं. ‘गच्चीत बहिणीचं काढलं, म्हटलं आता तरी कोणी बोलेल. बोलतंय कोण! श्रीकांत असता तर मी मध्ये पडले नसते. तो नाही. तू आहेस. ओवाळ.’

ओवाळलं. दिसत काही नव्हतं डोळ्यांना.

‘आणि चिंच आणून ठेव,’ माई म्हणाल्या. ‘बुधवारी तो बोल्ट घासायला सगळी बरणी लागली मला.’